एका वर्षाचं कार्ड: निफाडहून रॉटरडॅमला स्टार्टअप नेताना

गेल्या वर्षभरात नाशिक-पुण्याकडच्या पंधरा-वीस तरुणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला. "ताई, नेदरलँड्सचा स्टार्टअप व्हिसा कसा मिळवला?" प्रत्येकाशी तासभर बोलते, तरी काहीतरी सांगायचं राहून जातं आणि मग रात्री आठवतं. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते.

मी निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग, अण्णांची, म्हणजे वडिलांची, थॉमसन जातीची. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. आमचं उत्पादन म्हणजे काड्यापेटीएवढं एक यंत्र. द्राक्षाच्या पेटीत बसतं, वाटेत तापमान, आर्द्रता आणि सल्फर डायऑक्साइड मोजतं आणि या मालाचे अजून किती दिवस उरलेत ते सांगतं. ही कल्पना बरीच जुनी, पण तिची गरज लोकांना पटली ती २०२४ च्या हंगामात. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, आणि न्हावाशेवा ते रॉटरडॅम हा तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. नाशिकचं सगळ्यात जास्त द्राक्ष नेदरलँड्सलाच उतरतं. तिथे पेटी उघडेपर्यंत आत काय झालंय, हे ना इकडच्या शेतकऱ्याला कळत होतं ना तिकडच्या आयातदाराला.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. हा परवाना एका वर्षाचा असतो आणि तो वाढवून मिळत नाही. मिळवण्याची खटपट मोठी वाटते, पण खरी कसोटी त्या बारा महिन्यांची आहे. त्यामुळे जे काम विमानात बसण्याआधी भारतात उरकता येतं, ते भारतातच उरका. इथे आल्यावर कागदांमागे घालवलेला प्रत्येक आठवडा तुमच्या धंद्यातून वजा होतो.

तुमचं काम यात बसतं का

ही योजना १ जानेवारी २०१५ पासून सुरू आहे. परवाना देतं आयएनडी, म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं. पण तुमची कल्पना नवी आहे की नाही, यावर मत देते आरव्हीओ ही उद्योगांसाठीची सरकारी संस्था. नवं म्हणजे काय याच्या तीन वाटा आहेत. एक तर वस्तू किंवा सेवाच नेदरलँड्समध्ये नवी हवी. नाहीतर ती बनवण्याचं, पोचवण्याचं किंवा विकण्याचं तंत्र नवं हवं. नाहीतर कामाची मांडणी आणि पद्धत नवी हवी.

इडली-डोशाचं दुकान, मसाल्यांची आयात, नेदरलँड्समधली सॉफ्टवेअरची कामं घेऊन पुण्यातल्या मुलांकडून करून घेणं, हे सगळे चांगले धंदे आहेत, पण या दारातून आत जात नाहीत. त्यासाठी स्वयंरोजगाराचा वेगळा परवाना आहे आणि तिथे गुणांकन असतं, म्हणजे ठरावीक गुण मिळवावे लागतात. अमेरिकन आणि जपानी नागरिकांना जुन्या करारांमुळे तो बराच सोपा जातो, आपल्याला नाही. इंटरनेटवर एखाद्या अमेरिकन माणसाचा अनुभव वाचून आपलाही तसाच होईल असं धरून चालू नका.

मी दुसरे देशही पाहिले होते. ब्रिटनच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसाला मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस लागते, तिची फी १,००० पौंड, पण तीन वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज करता येतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी एस्टोनिया जरूर पाहावा. माझ्यासाठी प्रश्न एका वाक्यात सुटला: माझा माल जिथे उतरतो तिथेच मला उभं राहायचं होतं. तुमचं गिऱ्हाईक, तुमचा कच्चा माल किंवा तुमच्या विषयाची प्रयोगशाळा जिथे आहे तो देश निवडा. "तिकडे आयुष्य चांगलं आहे" एवढंच कारण असेल तर ते मुलाखतीत दहा मिनिटांत उघडं पडतं.

फॅसिलिटेटर शोधणं

या व्हिसाचा कणा म्हणजे फॅसिलिटेटर. वर्षभर तुम्हाला मार्गदर्शन करणारी, आरव्हीओच्या यादीत नाव असलेली तिथली संस्था. तिला नव्या उद्योगांना मार्गदर्शन केल्याचा निदान दोन वर्षांचा अनुभव हवा, तिची आर्थिक स्थिती धड हवी, तुमच्या कंपनीत तिची बहुसंख्य मालकी नको आणि ती तुमच्या जवळच्या नात्यातली नको. तुमच्यात लेखी करार होतो आणि तो अर्जाला जोडावा लागतो.

सुरुवातीला मी एका शहरातल्या एका सल्लागाराकडे गेले होते. त्याने फॅसिलिटेटरसकट सगळं "पॅकेज" देतो म्हणून सहा लाख सांगितले. तुमचं उत्पादन काय, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मी पन्नास हजार आगाऊ देऊन बसले होते, ते परत आले नाहीत. यादी आरव्हीओच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. तिच्यातली नावं घ्या, त्यांनी आधी कोणत्या कंपन्या उभ्या केल्या ते पाहा, आणि तुमच्या विषयातल्यांनाच लिहा. फॅसिलिटेटर फी घेतात, त्यात गैर काही नाही. पण फी घेण्याआधी जो तुमच्या धंद्याबद्दल अवघड प्रश्न विचारत नाही, तो वर्षाअखेरीला तुमच्यासाठी उभा राहणार नाही.

मी अकरा संस्थांना लिहिलं. चार उत्तरं आली. मी सादरीकरणाच्या स्लाइड पाठवल्या नव्हत्या, तीन कंटेनरचे आलेख पाठवले होते. एका आलेखात सतराव्या दिवशी तापमान साडेचार अंशांवर गेलेलं दिसत होतं आणि त्या कंटेनरमधल्या मालाचं पुढे काय झालं ते खाली दोन ओळींत लिहिलं होतं. चारही जणांनी बोलायला सुरुवात त्या सतराव्या दिवसापासून केली.

त्यातल्या एकाने विचारलं, "याचे पैसे कोण देणार?" मी म्हटलं, निर्यातदार. "त्यांच्याशी बोललात. आयातदाराशी बोललात का?" नव्हते बोलले. मला वाटत होतं की नुकसान शेतकऱ्याचं होतं, तर यंत्रही त्याच्याच बाजूने विकलं जाईल. त्या एका प्रश्नामुळे मी व्यवसाय-भेटीचा छोटा शेंगेन व्हिसा काढून मार्च २०२४ मध्ये दहा दिवसांसाठी गेले. अण्णांच्या ओळखीच्या एका निर्यातदाराने त्याच्या आयातदाराचा नंबर दिला होता.

रॉटरडॅमजवळ बारेन्ड्रेख्त नावाचं गाव आहे. फळं-भाज्यांच्या आयातीचे मोठे गाळे तिथे आहेत. पहाटे पाचला मी त्या शीतगृहात उभी होते, अंगावर त्यांनीच दिलेलं जाड जाकीट. तपासनीसाने पेटी उघडली, वरचा ग्रेप गार्डचा, म्हणजे कूज रोखायला सल्फर डायऑक्साइड सोडणारा, कागद बाजूला केला आणि मण्याकडे बघितलंच नाही. घड उचलून देठ बघितला. हिरवा की तपकिरी. मग घड हलवून किती मणी गळतात ते पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी एक मणी गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर पिळला. आम्ही तीन वर्षं मण्याची कूज मोजत होतो. या माणसाचा भाव देठावर ठरत होता. पाणी आधी देठातून उडतं, आणि ते आर्द्रतेवर अवलंबून असतं. परतल्यावर आम्ही यंत्राचं सगळं गणित बदललं. त्या आयातदाराने पुढच्या हंगामात सहा कंटेनरवर चाचणी घेऊ असं एका पानाचं पत्र दिलं. माझ्या अर्जातला सगळ्यात वजनदार कागद तोच ठरला.

म्हणून सांगते, अर्ज करण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. दहा दिवसांचा खर्च मोठा वाटेल, पण ज्याला माल विकायचा त्याच्या दारात उभं राहिल्याशिवाय आराखडा लिहूच नका.

टप्प्याटप्प्यांचा आराखडा

अर्जाला जोडायचा आराखडा कल्पनेपासून कंपनीपर्यंतचे टप्पे दाखवणारा हवा. कंपनीचं स्वरूप, कोण काय करणार, तुमची स्वतःची भूमिका, उत्पादन, नियोजित कामं आणि पैशाची सोय, एवढं त्यात यायलाच हवं. नुसतं भागधारक किंवा पैसे घालणारा म्हणून हा परवाना मिळत नाही, तुम्ही स्वतः काम करताय हे दिसलं पाहिजे. भागीदार दोघे-तिघे असतील तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि प्रत्येकाचं काम वेगळं दाखवा.

माझा पहिला आराखडा बेचाळीस पानांचा होता. फॅसिलिटेटरने तो सतरा पानांवर आणला. जागतिक शीतसाखळीची बाजारपेठ किती अब्जांची, ही सगळी पानं गेली. राहिलं ते महिनावार: डिसेंबरात यंत्रांची युरोपीय नियमांप्रमाणे तपासणी, जानेवारी ते एप्रिल सहा कंटेनर, मे-जूनमध्ये निष्कर्ष आणि दर ठरवणं, मग दक्षिण गोलार्धातल्या द्राक्षांच्या आयातदारांशी बोलणी. प्रत्येक टप्प्यापुढे तो जमला नाही तर काय करणार, तेही एका ओळीत.

स्पर्धकांचा भाग लपवू नका. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारी यंत्रं कित्येक वर्षांपासून बाजारात आहेत. आम्ही ते सरळ लिहिलं आणि पुढे लिहिलं की ती यंत्रं काय घडलं ते सांगतात, आमचं यंत्र किती दिवस उरलेत ते सांगतं. अर्ज तपासताना नेमका हाच प्रश्न आला, आणि उत्तर आधीच लिहिलेलं होतं.

पैशाचं म्हणाल तर एका वर्षाच्या राहण्या-खाण्याची सोय बँक खात्यात दाखवावी लागते, किंवा फॅसिलिटेटर तुमचा खर्च उचलतोय असं तरी. लागणारी रक्कम किमान वेतनाशी जोडलेली असल्याने बदलत राहते. महिन्याला साधारण दीड हजार युरो धरून चाला, आणि प्रत्यक्षात त्याच्या दीडपट जवळ ठेवा. अर्जाची फी चारशे युरोच्या आसपास. निर्णयासाठी कायद्याने ९० दिवसांची मुदत आहे.

आता वर्ष कधी सुरू करायचं ते. परवाना मंजूर झाल्यावर प्रवेशाचं स्टिकर घ्यायला तीन महिने मिळतात, आणि त्या स्टिकरची मुदत ९० दिवस असते. म्हणजे थोडी ढील तुमच्या हातात असते. ती धंद्याच्या हंगामाप्रमाणे वापरा. आमची ऑक्टोबरातली गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली, घड धरले, आणि मी नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाले. जानेवारीत पहिला कंटेनर लागेपर्यंत घर, नोंदण्या, तपासण्या उरकलेल्या होत्या. हीच मी मे महिन्यात गेले असते तर हातात माल नसताना आठ महिने भाडं भरत बसले असते आणि हंगाम सुरू होतो न होतो तोच परवान्याचं कार्ड संपत आलं असतं. शाळांसाठी काही बनवत असाल तर तिथलं शैक्षणिक वर्ष पाहा, शेतीचं असेल तर पेरणी पाहा.

निघण्याआधी भारतात करायची कामं

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि माणसं इथेच अडकतात.

जन्मदाखल्यापासून सुरुवात करा, आजच. तिथल्या नगरपालिकेत नोंद करताना अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लावलेला जन्मदाखला लागतो. मी दाखला काढायला ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाने रजिस्टर उघडून पान माझ्याकडे फिरवलं: तारीख बरोबर, आईचं नाव, अण्णांचं नाव, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आपल्याकडे हे सर्रास आहे. नोंद जन्मताच होते, नाव बारशाला ठरतं आणि ते कळवायला कोणी परत जात नाही. नंतर नाव लावता येतं, पण मुदतीचे नियम आहेत, सरकार मुदतवाढ देतं त्या काळात करून घ्यावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अण्णांचं प्रतिज्ञापत्र असं सगळं देऊन मला सात आठवडे लागले. त्यानंतर नवा मराठी-इंग्रजी दाखला, मग राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही याच रांगेत टाका. नुसती लग्नपत्रिका आणि फोटो कामाला येत नाहीत. जन्मदाखल्यावरचं, पासपोर्टवरचं आणि लग्नानंतरचं नाव जुळतंय का, तेही याच वेळी पाहा.

पेटंट. तुम्ही भारतात राहत असताना लावलेला शोध थेट परदेशात नोंदवता येत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. आम्ही २०२३ मध्येच नाशिकमधून भारतात अर्ज केला होता, म्हणून सुटलो. फॅसिलिटेटरने पहिल्याच बैठकीत त्या अर्जाचा क्रमांक मागितला.

भारतातली कंपनी. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि उत्पादन अजून नाशिकच्या सातपूरमध्येच होतं. कंपनी कायद्याप्रमाणे निदान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. भागीदार सगळेच परदेशी निघालात तर ही अट मोडते. आम्ही धाकट्या भावाला, प्रसादला, संचालक केलं. त्याला नुसतं सहीपुरतं ठेवू नका. बँकेचे अधिकार, डिजिटल सही, जीएसटीचे पासवर्ड, सगळं त्याच्या हाती सोपवून महिनाभर स्वतः बाजूला राहून बघा. आमच्या त्या महिन्यात असं लक्षात आलं की जीएसटीचा ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतो.

पैसे बाहेर नेणं. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. ठरावीक मर्यादेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपये आहे. ते पैसे प्राप्तिकर विवरणपत्रात परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात, आणि नेमके तेव्हाच भाड्याची अनामत द्यायची असते. हिशेबात ते धरा. भारतात असतानाच तिथल्या कंपनीचे शेअर घेणार असाल तर ती परदेशी गुंतवणूक ठरते. २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो. मित्राच्या खात्यातून युरो भरून नंतर बघू, असं करू नका. पुढे गुंतवणूकदार आला की तो सगळ्यात आधी हेच कागद उकरतो. परदेशी गुंतवणुकीची कामं रोज करणारा सीए गाठा. आमच्या गावच्या सीएंनी प्रांजळपणे सांगितलं की हे माझं क्षेत्र नाही, आणि मुंबईतला माणूस सुचवला. त्यांचे मी आजही आभार मानते. बचत खातंही एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, ते विसरू नका.

पोचल्यावरचे पहिले आठवडे

पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंद करायची असते. त्यासाठी पत्ता लागतो, आणि पत्ता हीच इथली मोठी अडचण. घरांची टंचाई आहे. स्वस्त खोल्यांच्या जाहिरातीत "नोंदणी करता येणार नाही" असं लिहिलेलं असतं. ती खोली कितीही चांगली असो, घेऊ नका. नोंद नाही तर बीएसएन हा इथला ओळख क्रमांक नाही, तो नाही तर बँक नाही, विमा नाही, सरकारी कामांचं ऑनलाइन लॉगिन असलेलं डिजीडी नाही. मी पहिले चार महिने एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी एक खोली घेतली, ६५० युरो, पण पहिल्याच फोनवर विचारून घेतलं होतं की नोंदणी चालेल ना.

भारतातून येणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी करावी लागते, तीन महिन्यांत. आरोग्य विमा चार महिन्यांत काढावा लागतो, आणि उशिरा काढला तरी हप्ते मागच्या तारखेपासून भरावे लागतात. महिना दीडशे युरोच्या पुढे धरा.

मग केव्हीके. आपल्याकडे केव्हीके म्हटलं की कृषी विज्ञान केंद्र डोळ्यासमोर येतं, इथे ते व्यापार नोंदणीचं कार्यालय आहे. तुमची आणि फॅसिलिटेटरची, दोघांचीही नोंद तिथे असावी लागते. एकट्याच्या नावावरचा व्यवसाय एका भेटीत नोंदवून होतो. मर्यादित दायित्वाची बीव्ही कंपनी नोटरीकडे करावी लागते. भांडवल नावापुरतं चालतं, पण नोटरी आणि लेखापाल मिळून हजार-दीड हजार युरो सहज जातात. आणखी एक गोष्ट आहे: बीव्हीच्या मालकाने स्वतःला ठरावीक पगार देणं कायद्याला अपेक्षित असतं. २०२५ साठी तो आकडा वर्षाला ५६,००० युरो होता. नव्या स्टार्टअपसाठीची खास सवलत २०२३ पासून बंद झाली आहे. तोटा असेल तर कमी पगार मान्य करून घेता येतो, पण ते आधी लेखापालाशी बोलून. मी पहिले आठ महिने एकटीच्या नावावर काम केलं आणि गुंतवणुकीची बोलणी सुरू झाल्यावर बीव्ही केली. माझ्या जागी यंत्रामुळे कोणाला इजा होण्यासारखा धंदा असता तर मी पहिल्या दिवशीच बीव्ही केली असती.

बँकेने मला रडवलं. एका मोठ्या बँकेत व्यवसाय खात्याचा अर्ज केला. अकरा आठवडे कागद मागत राहिले, भारतातल्या कंपनीचे भागधारक, अण्णांच्या जमिनीचा सातबारा इंग्रजीत, आणि शेवटी एका ओळीत नकार. तेवढ्या काळात आयातदाराला बिल देता आलं नाही. म्हणून आता सगळ्यांना सांगते, पहिल्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी अर्ज करा, त्यात एक ऑनलाइन बँक असू द्या, आणि फॅसिलिटेटरला ओळखीचा माणूस आहे का ते विचारा. मला खातं शेवटी तसंच मिळालं.

भाषेचं. काम इंग्रजीत चालतं, हे खरं आहे. पण शीतगृहातली माणसं आपसांत डच बोलतात आणि अडचण आधी आपसांत बोलली जाते. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकत होते. फेब्रुवारीत एकदा 'देठ कोरडा' एवढे दोनच शब्द कानावर पडले, मी पुढे होऊन पेटी पाहिली, आणि आमच्या यंत्राने जिथे बारा दिवस सांगितले होते तिथे प्रत्यक्षात सहाच दिसत होते. आर्द्रतेचा सेन्सर पेटीच्या प्लास्टिकला चिकटला होता. ते बोलणं मला कळलं नसतं तर तो दोष हंगामभर तसाच राहिला असता.

वर्ष संपायला आलं की

पुढचा परवाना स्वयंरोजगाराचा. तुम्ही वर्षभर फॅसिलिटेटरबरोबर काम केलं असेल आणि त्याने चांगला अभिप्राय लेखी दिला तर गुणांकन टळतं. त्यामुळे त्याला दर महिन्याला काय घडलं ते लिहून पाठवा, वाईट बातमी आधी. सेन्सरची चूक मी त्याच दिवशी कळवली होती. अभिप्रायात त्याने नेमका तोच प्रसंग लिहिला: दोष सापडला, अठ्ठेचाळीस तासांत कारण कळलं, तीन आठवड्यांत नवा साचा आला. यावेळी उत्पन्नही दाखवावं लागतं, म्हणून चाचण्या फुकट करू नका. पहिल्या सहा कंटेनरचे आम्ही थोडे का होईना, पैसे घेतले होते, आणि ती बिलंच कामाला आली. कार्ड संपण्याच्या तीन महिने आधी अर्ज करा. माझं दुसरं कार्ड दोन वर्षांचं आहे.

जोडीदाराबद्दल शेवटी लिहिते आहे, पण घरी ही चर्चा सगळ्यात आधी करा. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की स्वतःचा व्यवसाय करता येईल, नोकरी मात्र मालकाकडे वेगळा परवाना असेल तरच. जोडीदाराच्या कार्डावरही तेच. नोकरीवर आलेल्या कुशल स्थलांतरितांच्या जोडीदाराला जी मोकळीक असते ती इथे नाही, आणि आम्ही ओळखीच्या आयटीवाल्यांकडे पाहून ती गृहीत धरली होती. माझा नवरा नाशिकमध्ये यंत्रांच्या आरेखनाचं काम करतो. इथे त्याला नोकरी मिळणार नाही, हे कळल्यावर आम्ही ठरवलं की पहिलं वर्ष त्याने तिकडेच राहायचं. ते वर्ष दोघांनाही जड गेलं. आधी माहीत असतं तर त्याच्या स्वतःच्या कामाची गिऱ्हाइकं आम्ही निघण्यापूर्वीच शोधायला लागलो असतो.

गेल्या महिन्यात तो आला. आरेखनाचा स्वतंत्र व्यवसाय म्हणून केव्हीकेमध्ये नोंद करायला पुढच्या मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. नगरपालिकेतली नोंद पहिल्याच आठवड्यात झाली. जन्मदाखला अपोस्टील लावून बरोबर आणला होता, आणि त्यावर त्याचं नाव होतं.